तांब्याची गोळी, दोन वाटे

मूळचा मी कागलकडचा बघा ताई. आयटीआय केलं, एमआयडीसीत लेथवर लागलो, आन् तिथनं एडमंटनला कसा आलो ते सांगत बसलो तर तुमचा चहा गार हुईल. मेव्हण्यानं बोलवलं, आलो. इथं बी लेथच, तेलाच्या विहिरींचं सामान, पायपांना आटे पाडायचे. गणपतीला मंडळात जातो, सगळी पुण्या-नागपूरची कॉम्प्युटरवाली, माणसं चांगली हायत, पर मी मूसची, म्हंजी इकडच्या थोरल्या सांबराची, शिकार करतो म्हणलं की प्लेट घिऊन हळूच पलीकडच्या टेबलाला सरकत्यात. आन् त्यातलाच एकजण जाताना पार्किंगमधी इचारतो, काका, मूसचं मटण कसं लागतं हो. मी म्हणतो या घरी, दाखवतो. येत कुणी न्हाई, मंडळातनं तुम्हीच पयल्या आला.

नाद लावला तो वॉल्टरनं. माझ्या शेजारच्या लेथवर हुता, आजा युक्रेनकडनं आलेला, माझ्यापेक्षा वयानं मोठा, बोलायला कमी. एकदा माझा डबा हुंगून म्हणला, ह्या रश्श्यात मूस घातला तर काय हुईल, आन् दुसऱ्या दिवशी पिशवीत मटण घिऊनच आला. सुनंदानं, म्हंजी माझ्या बायकोनं, तांबडा केला, वॉल्टर घामानं भिजला, नाक पुसत पुसत परत परत वाढून घेतलं, आन् तवापास्नं दर फॉलला, पानगळीच्या दिवसात, आम्ही दोघं रानात. सुनंदा गेली त्या वर्सी बी मला न्हेलंच त्यानं, नुसता कॉफी ओतून देत बसला.

काडतुसं आम्ही घरीच भरायचो, ह्या बेसमेंटमधी, ह्याच बाकावर. काय सांगू तुम्हाला, बाहेर हाडं गोठवणारी थंडी आन् आत आम्ही दोघं समोरासमोर. पितळेची पुंगळी जुनी चालती, दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची, पर सगळं अडतं ते इथंच, गोळी कुठली. हरणाला चालती ती मूसला चालत न्हाई. मूस म्हंजी आपल्या खिलारी बैलापेक्षा मोठं धूड, खांद्याचं हाड हे एवढं. गोळी वरच्यावर फुटली तर जनावर तडफडत लांब जाऊन मरतं, अजिबात फुलली न्हाई तर आरपार जाती, तरी तेच. आत जाऊन फुलाय पायजे आन् एकसंध ऱ्हायला पायजे. वॉल्टरची ठरलेली हुती, तांब्याच्या कवचातली शिशाची, वजनदार. भरून झालं की काडतुसाच्या बुडाला त्याच्या बायकोचं लाल नेलपॉलिश लावायचा, ओल शिरू नये म्हणून. आन् त्याचे नियम दोन. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं न्हाई, सख्ख्या भावानं भरलं तरी न्हाई. आन् मारणाऱ्यानं वाटे करायचे, पर उचलायचा आधी दुसऱ्यानं. आमच्याकडं जत्रंच्या बकऱ्याला हेच करत्यात, करणारा शेवटी उचलतो, म्हंजी वाटे सारखे हुत्यात. म्हणून हा माणूस मला आपल्यातला वाटला.

मग झालं काय, माझी लेक पल्लवी, इथनं इमानानं लांब, वॉन गावाला असती, तिला पोरगी झाली. घिऊन आली तवा मी हौसेनं मूस शिजवला, तर म्हणली, बाबा, शिशाचे बारीक कण मटणात ऱ्हातात, दिसत बी न्हाईत, मी हे हिला देणार न्हाई आन् मी बी खाणार न्हाई. लहानपणी हीच माझ्या ताटातलं हाड ओढून चोखायची. पातेलं तसंच ऱ्हायलं. आता नात शाळंत जाती, येती तवा पास्ता खाती आन् माझ्या ताटाकडं बघती. खोटं कशाला बोलू, लागलं मला ते.

म्हणून म्हणलं निव्वळ तांब्याची गोळी घिऊ, ती पाकळ्यांसारखी उमलती, कण सोडत न्हाई. वॉल्टर म्हणला, शिशानं माझा आजा मेला न्हाई, बाप मेला न्हाई. मी म्हणलं, माझी नात माझ्या घरात जेवत न्हाई. तवा म्हणला, हिवाळ्यात बसू, बघू. आन् हिवाळ्याच्या तोंडालाच गेला की, झोपेत.

त्याच्या पोरानं एक डबा आणून दिला, वॉल्टरनं भरलेली काडतुसं, लाल बुडांची. माझ्या रायफलीला बसणारी. ह्या बाकावर ठिवली आन् बघत बसायचो. वाटायचं, एक तरी घालावं, म्हंजी ह्या वर्सी बी तो संगं आल्यागत हुईल. अडवणारं कोण हुतं? पर नियम बी त्याचाच. शेवटी एकेक, गोळी उपसायचा पोकळ हातोडा असतो त्यात धरून ठोकलं, गोळ्या काढल्या, त्या बघा, लोणच्याच्या बरणीत हायत.

मग तांब्याची भरली. आन् येड्यागत वॉल्टरचंच वजन धरून बसलो. तांबं शिशापेक्षा हलकं, तेवढं वजन करायचं तर गोळी लांब हुती, आन् माझ्या जुन्या नळीतले आटे तिला पुरेसं फिरवंनात. रेंजवर कागदाला भोकं कुठंच्या कुठं. जल्म आटे पाडण्यात गेला आन् हेच कळंना. वॉल्टर असता तर तोंडातली सिगारेट न काढता हसला असता. हलकी गोळी घेतली, तवा भोकं एका जागी आली, आन् मी मागं वळून मोठ्यानं म्हणलं, बघ. मागं शेडचा खांब.

ह्या फॉलला ड्रॉमधी, म्हंजी शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत, नाव लागलं. एकटाच गेलो. एक गोळी, मूस चार पावलं चालला आन् बसला. जनावर पडलं की आम्ही एकमेकाला हाळी द्यायचो, तोंडातनं सवयीनं गेली. रान गप. फाडून, एकेक पाय ओढत ट्रकापत्तोर न्हेला, कंबर अजून बोलती.

घरी आलो, गराजमधी वाटे केले दोन, सारखे, आन् उभाच ऱ्हायलो. उचलायचं कुणी?

पल्लवीला व्हिडिओ लावला. म्हणली, तांब्याची ना बाबा? म्हणलं तांब्याचीच. म्हणली, मग ठेवा आमच्यासाठी, कुठला बी ठेवा. म्हणलं तसं न्हाई, दाखवावा लागतो. तर नातीनं मधीच डोकं घातलं, बोट लावलं, दॅट वन, आजोबा, द बिग वन. मोठा कुठला हुता ताई, तराजू लावून केले हुते. पर उचलला तिनं. देव तिला भरल्या ताटावर ठिवो.

तिचा वाटा फ्रीजरात हाय. तिकिटं मिळाली तर ख्रिसमसला येत्यात, न्हाई तर उन्हाळ्यात. टिकतंय तवर. ऱ्हायला तो माझा, आज त्यातलाच रस्सा ठिवलाय, एकट्याला करायचं तरी पातेलं तेवढंच लागतं. उठू नका लगेच. खात नसला तरी बसा जरा समोर.