नागपूर रेडिओवर माह्यं नाव

…बंद नवता पडला हो! गळ्याची आन घेऊन सांगतो, रेडिओ बंद नवता पडला! सारं गाव म्हने बॅटरी गेली, सरपंच म्हने बॅटरी गेली, अन भगवंतराव मास्तर, ज्यानं कंदील सोडून दुसरं यंत्र कधी हाती धरलं नाई, तोही चष्मा पुसून मले सांगते, "देवमन, बॅटरी डिस्चार्ज झाली." अरे कायची डिस्चार्ज? रेडिओ चालू होता! चूप बसली होती ते माह्यी बायको! अन चूप बसलेली बायको कोनती अन बंद पडलेला रेडिओ कोनता, हे नवऱ्याले नाई समजन तं काय मास्तरले समजन?

तुमी हासून राहिले. हासा. तिवस्याच्या बाजारात लोक मले थांबवू थांबवू हासतात, तुमी काहून मांगं राहाचं? पन पयल्यापासून आयका, मंग सांगा चूक कोनाची ते.

नागपूरचा रेडिओ सुरू झाला अठ्ठेचाळीस साली. तवा आपलं राज्य मध्यप्रांत-वऱ्हाड अन राजधानी नागपूर, म्हनून रेडिओही आपल्याशी अर्धा हिंदी बोले अन अर्धा मराठी. बोले म्हनजे, आमाले काय आयकू येत होतं थोडीच! साऱ्या पट्ट्यात एक रेडिओ, तिवस्याच्या जिनिंगवाल्या शेटजीच्या माडीवर. आमी कापसाच्या गाड्या घेऊन खाली उभे, वरून पेटी गाऊन राहिली, अन शेटजीचा मुनीम वरून वरडे, "ए गाडीवाले, आगे बढो!" आता गानं अर्धं सोडून कोन आगे बढन? माह्ये बैल पन नाई हालत!

मंग छप्पन साली राज्य बदललं, आमी मुंबईत गेलो. साठ साली पुन्हा बदललं, महाराष्ट्रात आलो. म्हनजे आमी जागचे हाललो नाई बरं, बोरगव्हानातच होतो, राज्यच आमच्या अंगावरून गेलं. पन रेडिओची भाषा हळूहळू बदलली. हिंदी गेली मांगं, अन एक लय गोड मराठी आली. "शेतकरी बंधूंनो, आपण आपल्या कपाशीची काळजी घेता ना?" घेतो ना बाप्पा! आमी नाई घेनार तं काय तुमी येता नागपूरहून निंदाले? पन आवाज असा मऊ, का आमचा खुशालराव सरपंच, जो कलेक्टरले पन अरेतुरे करन, तो त्या पेटीसमोर हात जोडून म्हने, "घेतो जी, घेतो."

कारन तोवर पेटी गावात आली होती ना! सरकारनं गावोगाव रेडिओ दिले, आमच्या पंचायतीलेही आला. चावडीत मांडला. कडूनिंबापासून कौलावर तार बांधली. अन बॅटरी? इटेवढी! ते संपली का नवी अमरावतीहून येनार. अन अमरावतीहून येनारी वस्तू कशी येते हे का मी तुमाले सांगाचं? आज निंगाली, उद्या निंगाली, रस्त्यात आहे… बैलगाडीत बसून येत असन, अन गाडी पन रिकामी नसन!

तं एका साली कपाशीच्या पऱ्हाटीले बोंडं धरली होती अन जयवंताबाई आल्या. जयवंताबाई म्हनजे आमच्या ग्रामसेविका. सायकलवर येत, बायाइले चूल कशी बांधाची ते शिकवत. त्याईनं एका सकाळी माह्या मनकर्णाच्या ओव्या आयकल्या. मनकर्णा म्हनजे माह्यी बायको. जात्यावर बसली का असा आवाज लावते, का शेजारची म्हैस पान्हावते, लबाडी नाई सांगत! जयवंताबाई म्हने, "देवमनभाऊ, नागपूर रेडिओवाले खेड्यातल्या बायांच्या ओव्या घेऊन राहिले. मनकर्णाबाईले पाठवा. संगं चार बाया घ्या. नेनं-आननं माह्याकडे."

मी म्हनलं, कायले? घरचं कोन करन?

तं त्या काय म्हनल्या, नीट आयका, येथूनच माह्यी साडेसाती लागली. म्हने, "आधी रेडिओवरची बाई गप्पा मारते. तुमचं नाव काय, गाव कोनतं, यजमानांचं नाव काय… थेट. इकडे बोललं का तिकडे साऱ्या मुलखाले आयकू जाते."

मी म्हनलं, थांबा. यजमानांचं नाव… ते कोन सांगन?

"मनकर्णाबाई सांगतीन."

झालं! आता तुमाले खरं सांगतो. हे आपली बायको. पंधरा वर्सं संसार केला. "आयकलं का", "अवो", "पोरीचे बाबा" याच्या पलीकडे माह्यं नाव त्या तोंडातून मी आयकलं नवतं. लग्नात घेतलं म्हनतात, पन नेमका तवाच बँडवाल्यानं ढोल बडवला. तसं मले गावात कोन नाव घेऊन बोलावते? जिनिंगवर "गाडीवाले", सोसायटीत "ए बोरगव्हान", अन माय म्हनते "मेल्या". मले हाऊस होती. साधी हाऊस हो! एक डाव मनकर्णाच्या तोंडून आपलं नाव आयकावं… अन ते पन कसं, तं नागपूरहून! तिवसा, चांदूर, अमरावती, पार अकोल्यापावतर! अकोल्याले माह्या साळा, उत्तमराव, तो पन आयकन, ज्यानं लग्नापासून मले कधी खुर्ची नाई देली!

मी म्हनलं, जाऊ द्या तिले! कार्यक्रम ठरला मंगळवारी दुपारी.

लोक म्हने, "देवमन, तू काहून नाई जात संगं?" अरे मी नागपूरले गेलो तं इकडे रेडिओवर माह्यं नाव आयकन कोन?

आता बॅटरी. बॅटरी मराले टेकली होती. नवी रस्त्यात. मी चावडीत ठान मांडलं. कोनाले हात लावू देत नवतो! पोट्टे येत, "काका, जरासं सिलोन लावू द्या ना." चला, निंगा! म्हातारे येत, "देवमन, भजन लागलं असन." घरी म्हना! खुशालराव सरपंच लाल झाला, "रेडिओ पंचायतीचा आहे का तुह्या बायकोचा?" मी म्हनलं, मंगळवार दुपारपावतर माह्या बायकोचा, मंग तुमचा!

तवा भगवंतराव मास्तरनं कायदा काढला. म्हने, "पाहा, बॅटरी मरताना आवाज एकदम बंद होतो. तसं झालं का एक क्षन थांबाचं नाई, तार काढाची, बॅटरी उन्हात ठेवाची, का पुन्हा चार गोष्टी बोलते." मले पटलं. मीच म्हनलं, मास्तर, तुमी रेडिओच्या खुंटीजवळ बसा. मीच म्हनलं हो! आपल्या हातानं बसवलं त्याले!

मंगळवारी दुपारी वावरातून सारं गाव आलं. बाया वसरीत, मानसं अंगनात, पोट्टे कौलावर. माह्यी माय मधात बसली, पदर तोंडाले लावून म्हने, "नाव घेतलं तं घरात नाई घेत मी तिले!" मास्तरनं खुंटी फिरवली. खर्रर्र… खर्रर्र… अन आलं नागपूर!

आवाज असा बारीक, जसा कोनी विहिरीतून बोलून राहिलं. कोनी खोकला नाई. छातीत तं असं धडधडे, का मास्तर म्हने, "देवमन, मांगं सरक, आयकू येत नाई."

"नमस्कार भगिनींनो! आज आपल्याकडे आल्या आहेत काही मैत्रिणी. ताई, आपलं नाव?"

अन मनकर्णा! माह्यी मनकर्णा, त्या पेटीतून! "मनकर्णा."

अंगनात असा गलका झाला, का मी काठी उचलली. चूप! चूप बसा, बॅटरी संपन!

"वा! गाव कोणतं तुमचं?"

"बोरगव्हान. तिवस्यापाशी."

खुशालराव उभा राहिला. गावाचं नाव नागपूरहून आलं, कोन बसन? खाली ओढला त्याले, धोतर धरून.

"छान! आणि यजमानांचं नाव?"

…

…

काही नाई.

आता सांगा, आपल्या मुलखातली बाई, चारचौघात, फटकन नाव सांगन का? नाई सांगत! खाली पाहान, पदर ओढन, मनात जुळवन, मंग उखान्यातून घेईन. येळ लागते! मी मनात म्हनलं, घे माय, घे… जुळव आरामात… अन तेवढ्यात त्या पेटीत, तुमाले सांगतो, बांगड्या वाजल्या! किनकिन… ओळखल्या मी! लाज आली का ते हातातलं कडं फिरवते, अन कडं बांगड्याइले लागते. पंधरा वर्सं आयकलं मी ते किनकिन!

अन मास्तर म्हने, "गेली बॅटरी!"

मी बोंबललो, नाई गेली! चालू आहे! ते चूप बसली आहे! माह्यी बायको आहे ते, मले मालूम आहे तिची चूप!

मास्तर म्हने, "आवाज एकदम बंद झाला. नियम आहे."

मी म्हनलं, बांगड्या वाजून राहिल्या!

खुशालराव म्हने, "देवमन, डोकं ठिकानावर ठेव. बायको नागपुरात, तिच्या बांगड्या इकडे कशा आयकू येतीन?"

अरे बाप्पा! मंग तिचा आवाज कसा आला इकडे? पन कोन आयकते! इकडून मी बॅटरी धरली, तिकडून मास्तर ओढते, पोट्टे कौलावरून वरडतात "उन्हात ठेवा, उन्हात ठेवा!" अन माह्यी माय मधातून म्हनते, "बंद पडला? बरं झालं, लाज राहिली घराची!" तटकन तार निंगाली. मास्तर बॅटरी घेऊन उन्हात पळाला, पोटाशी धरून, जसं लेकरू देवीले नेऊन राहिला. अंगनात एवढी मोठी शांतता… तवा मातर रेडिओ खरंच बंद होता!

मी पळालो मांगं. हिसकली. आनली. तारा लावाले गेलो तं इकडची तिकडे, तिकडची इकडे… लागली एकदाची! खर्रर्र… अन काय आयकू आलं?

"सरकी… स्थिर. ढेप… किंचित तेज."

खुशालराव म्हने, "चला, ढेप महाग झाली." अन गेले हो! सारे गेले वावरात!

दुसऱ्या दिवशी मोटरीतून बाया उतरल्या. हासू हासू लाल. मी मोटरीपाशीच उभा. मनकर्णा खालच्या मानेनं घरात. मी बायाइले म्हनलं, घेतलं का नाव? तं म्हने, "अगं बाई! भाऊजी, तुमी नाई आयकलं? असं घेतलं, असं घेतलं, का रेडिओवरच्या बाईनं टाळ्या वाजवल्या!" मी म्हनलं, पन काय म्हनली? कसं म्हनली? तं चारही जनी पदरात तोंड घालून म्हनतात, "जिचं तिनं घ्यावं. दुसरीच्या मालकाचं नाव आमी कसं घेऊ?"

पुढच्या हप्त्यात अकोल्याहून उत्तमराव आला. माह्या साळा. आल्या आल्या मले मिठी मारली! "जावईबापू, नाव काढलं! ताजनापेठेत पानाच्या दुकानावर गर्दी होती. ताईनं काय उखाना घेतला हो, लोक पोट धरधरून हासले, अन शेवटी तुमचं नाव आलं तवा दुकानदारानं मले फुकट पान देलं!" मी म्हनलं, उत्तमराव, पाया पडतो, उखाना सांग. तं डोकं खाजवते. "काहीतरी कपाशीचं होतं… का बैलाचं होतं… लोक लय हासले ना, आयकू नाई आलं." म्हनजे पाहा! माह्या नावाचं पान अकोल्यात खाल्लं जाते, अन मी इकडे ढेपेचे भाव आयकून बसलो!

तरी म्हनलं, जाऊ द्या, बायको तं घरची आहे. माय देवळात गेली तवा दार लोटलं. मनकर्णा चुलीपाशी, भाकर थापून राहिली होती. मी म्हनलं, एक डाव घे. मनातली गोष्ट सांगतो, मी त्याच्यासाठी आठोडाभर भांडलो गावाशी. तुले वाटन तं सारं अकोला नको, नागपूर नको, मी एकटा आयकतो, घे.

तिनं माह्याकडे पाहिलं. कडं फिरवलं. बांगड्या वाजल्या, तेच किनकिन! सांगतो तुमाले, डोये भरून आले होते माह्ये.

अन म्हनते काय, "काही तरीच! मालकाचं नाव, अन मालकाच्या तोंडावर? लाज नाई वाटन का मले?"

मी म्हनलं, अन साऱ्या मुलखाले सांगितलं ते?

"तो मुलूख मले कुठी दिसत होता? कोठडीत पाच बाया होतो आमी. तुमी तं समोर बसून आहा."

घ्या! आता बोला! म्हनजे तिच्या तोंडून माह्यं नाव आयकाचं असन तं मी समोर नसलो पायजे, अन समोर नसलो तं मले आयकाले रेडिओ पायजे, अन रेडिओ आहे चावडीत. तं आता एकच करतो. पुढच्या खेपेले रेडिओवाले बोलावतीन तवा मनकर्णाले खुशाल पाठवतो नागपूरले… अन तिच्या शेजारच्या सीटवर, भाडं मी देतो, भगवंतराव मास्तरले बसवतो!