बाहेर उघडणारं दार

तंदूरवालीच्या रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी उभ्या होत्या, सवरी आणि तिच्याहून थोरली गुलबी.

"सवरी, मी निघाले तेव्हा तू वर छतावर, धाब्यावर होतीस. बर्फ माझ्या अंगणात लोटलास?"

"मग काय डोक्यावर घेऊ? रात्रभर पडलाय. धाबं खाली आलं असतं."

"दारात नाही ना टाकलास?"

"दारातच पडला. दार आत ओढायचं आणि वाट काढायची, वहिनी. नवीन का आहे हे?"

"आमचं नवीन दार बाहेर उघडतं. जावयाने शहरातून आणलंय."

"बाहेर? या गावात?"

"सासूबाई आत निजल्यात."

"शेगडी?"

"पेटवून आलेय."

"धुराचा पाइप धाब्यावरूनच काढलाय ना?"

"नाही गं. दाराशेजारच्या भिंतीतून."

"नान राहू दे, वहिनी. फावडं माझ्या अंगणात आहे. पळा."