भेंडी कोण आणतं?

मंडळी, आधी ही खुर्ची बाजूला घ्या. माझ्यासाठी ठेवलीत, प्रेमाने ठेवलीत, कळतं मला. पण डॉक्टर वासंतीताईंच्या शोकसभेत मी बसून बोलले, तर त्यांच्या फोटोकडे बघायला मला तोंड राहणार नाही. काठी आहे. तेवढी पुरे.

तुम्ही कल्याणचे आहात, शहाड-विठ्ठलवाडीहून आलात, काही जण ठाण्याहून आलात. बरेच जण ताईंचे जुने पेशंट, बरेच जण पेशंटांची मुलं, सुना. मी जन्मभर डोंबिवलीत शाळेत शिकवलं, गावभर भाषणं केली. शब्द कधी कमी पडले नाहीत. आज पडताहेत. म्हणून सजवून काही सांगत नाही. घडलं तसं सांगते.

न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि मी ताईंच्या पुनर्वसन वॉर्डात दाखल झाले. म्हाताऱ्या माणसांना पुन्हा उभं करायचा वॉर्ड. पहिल्याच दिवशी ताई खाटेशी आल्या. मला वाटलं, कुठे दुखतंय ते विचारतील. त्यांनी विचारलं, "बाई, चालायचंय कशासाठी?"

म्हटलं, "हा काय प्रश्न झाला?"

"हाच प्रश्न आहे."

"मग ऐका. माझा मुलगा जून भेंडी आणतो. मला जिना उतरून, स्वतः टोक मोडून बघून भेंडी घ्यायची आहे. आणि उभं राहून भांडायचंय."

"कुणाशी?"

"ते बरी झाल्यावर ठरवू."

ताई हसल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझा घाम काढला.

वॉर्डातली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. घरी जायच्या दिवशी पेशंट व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतो. सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. मीही चालले. टाळ्या झाल्या. एकट्या ताईंनी टाळी वाजवली नाही. म्हणाल्या, "माझी राखून ठेवते. तुमच्या घरी येऊन वाजवीन."

घरी आले. आणि मंडळी, घरी काय होतं? माया होते! मुलगा नितीन, सून प्राची, दोघंही सोन्यासारखी माणसं. समोरच बसली आहेत. "आई, तू बस." "आई, तुम्ही उठू नका, आम्ही आहोत ना." चहा खाटेवर. जेवण खाटेवर. शेजारच्या वहिनी येऊन म्हणायच्या, "नशीबवान आहात हो, पाणीसुद्धा हातात मिळतं!" आपल्याकडे सेवा म्हणजे हेच ना? म्हाताऱ्याला हलू द्यायचं नाही. व्हरांड्यात चाललेले माझे पाय या सेवेत पुन्हा लाकूड व्हायला लागले.

काही आठवड्यांनी ताई आल्या. लिफ्ट नाही, तिसरा मजला चढून आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि नितीनला विचारलं, "भेंडी कोण आणतं?"

नितीन अभिमानाने म्हणाला, "मीच, डॉक्टर. आईला आम्ही काहीसुद्धा करू देत नाही."

ताई म्हणाल्या, "मग आम्ही नापास."

'बाई नापास' असं नाही म्हणाल्या. 'आम्ही' म्हणाल्या. वॉर्ड नापास, त्या स्वतः नापास. मंडळी, स्वतःच्या कामाचा निकाल असा लावणारी माणसं किती पाहिलीत तुम्ही?

त्याच दिवशी त्यांनी मला जिन्यावर उभं केलं. प्राचीला म्हणाल्या, "तू पुढे, एक पायरी खाली. पण हात मागे बांधून. त्या मागतील तेव्हाच द्यायचा." बिचारी रडकुंडीला आली होती. हात मागे बांधून उभं राहणं ही केवढी कठीण सेवा आहे, हे त्या दिवशी आमच्या घराला कळलं. पुढे एके दिवशी मी भाजीवाल्यापर्यंत पोचले. तो म्हणतो, "आलात का बाई! तुमचा मुलगाच बरा होता, काही न बघता घ्यायचा." ताईंना फोन लावला. पलीकडून टाळी ऐकू आली.

आता ज्यासाठी उभी आहे ते बोलते. ताई अशा प्रत्येक पेशंटच्या घरी जायच्या आणि तिथे दिसेल ते वॉर्डाच्या अहवालात लिहायच्या. वॉर्ड चालवणाऱ्या संस्थेच्या एका कार्यक्रमात, माझ्यादेखत, कार्यकारिणीतले एक गृहस्थ ताईंना म्हणाले होते, "घरी गेल्यावरचं आपल्या हातात नसतं. निघताना पेशंट चालत होता ना? मग तिथेच बरा झाला म्हणा. उगाच अहवाल कशाला बिघडवता?" ताई शांतपणे म्हणाल्या, "आपला व्हरांडा गुळगुळीत आहे, दोन्हीकडे कठडा आहे. पण तिथे राहायला कोणी जात नाही."

आणि ज्यांना चालणं जमणारच नव्हतं, त्यांचं काय? शहाडच्या एका आजोबांनी ताईंना सांगितलं होतं, नातवंडांसमोर मला कोणी भरवू नये. ते आजही खाटेवरच आहेत, पण स्वतःच्या हाताने जेवतात. अहवालाच्या हिशेबी ते नापास. ताईंच्या हिशेबी पहिल्या वर्गात पास. कुणाचा हिशेब खरा?

माझ्या कानावर आलंय की ताईंच्या मागे या घरभेटी बंद करायचा विचार आहे. शोकसभेत हे बोलू नये, म्हणाल. मग कुठे बोलू? कार्यकारिणीची मंडळी पहिल्या रांगेत आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं: ताईंचा फोटो वॉर्डात लावणार असाल, तर त्यांचा प्रश्नही घरोघर गेला पाहिजे. तो जाणार नसेल, तर फोटो लावू नका. ताईंनी विचारलं होतं ना, कुणाशी भांडायचंय? आज ठरलं.

आता मौन पाळू. निवेदक मघाशी म्हणाले, ज्येष्ठांनी बसून राहिलं तरी चालेल. भल्या मनाने म्हणाले. पण ज्याला उठायचंय त्याने उठावं. पाय मागे घ्या, पुढे वाका, मग उठा, ताईंनी शिकवलंय तसं. ज्यांना जमणार नाही त्यांनी खुशाल बसा, तुम्हीही ताईंचेच. शेजारच्यांनी मात्र कुणाला काखेत हात घालून उचलायचं नाही. मागितल्याशिवाय हात मागेच. उठणाऱ्यांतला शेवटचा माणूस उभा राहीपर्यंत आपण थांबू. मौन त्यानंतर सुरू होईल.

उठा, मंडळी. सावकाश.