पंजाबरावाचं पान

कापसाला सोन्याचा भाव आला होता, अन् अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग हलेना. पुढच्या गाडीपाशी भाट वही उघडून गाडीवाल्या खुशालरावांना त्यांची वंशावळ वाचून दाखवू लागला, तसे मागच्या गाडीवरच्या नत्थुजीचे कान टवकारले.

"पंजाबराव. बापानं बैल विकला म्हणून रुसून बार्शीटाकळी सोडली. पुढं वंश नाही."

"माहा काका तो. बारा वर्सं वाट पायली, मंग मेला समजून पित्तरपाटात त्याचं पान वाढाले लागलो," खुशालराव म्हणाले.

नत्थुजीनं गाडीवरून उडीच टाकली.

"भाऊ, त्या बैलाचं नाव हरण्या काय?"

"हो. तुमाले कसं मालूम?"

"आमच्या घरी हरेक बैल हरण्याच. वंश नाही कसा? मी त्याचा पोरगा, वहीत लिवा मले."

"अन् काका?"

"कापसावर निजून हाये. बाबा, उठा, पुतण्या भेटला."

"सारं ऐकून राहिलो मी," कापसातून म्हातारा म्हणाला. "माह्या पानात वडे वाढत होते का रे?"