निंबाची वाटणी

माझ्या धाकट्या जावेने, सुमनने, मला फसवलं. आधी हे लिहा ताई, मग बाकीचं.

मी इंदूबाई. माहेर पिंपळनेरकडचं, सासर चोपडा. डोक्यावर पाटी घेऊन केळीचे वेफर्स विकले मी, बसस्टँड, कोर्ट, कॉलेजचं फाटक, आज स्वतःचं दुकान शे, दोन कढया चालतात, आणि हे बठ्ठं तोंडाच्या जोरावर केलं, केळीवाला असो की तेलवाला, माझ्याशी भाव करून कोणी हसत गेला नाही. लोक म्हणतात इंदूबाई तापट आहे. आहेच.

तर आमचं असं, दोघा भावांची घरं शेजारी शेजारी, मागे अंगण एकच, आणि अंगणाच्या कडेला निंब. तो मी लावला ताई, लग्नाच्या पहिल्या वर्षी, भांड्यांचं पाणी घालून वाढवला, शेळ्यांनी खाऊ नये म्हणून बाभळीचे काटे मी लावले, तेव्हा सुमन या घरात आलेलीसुद्धा नव्हती.

गेल्या फाल्गुनाच्या आधी मी सुरतेला गेले होते वर्षाकडे, वर्षा म्हणजे माझी लेक. तिच्या सोसायटीत हिरवीगार लॉन, कडेने फुलझाडं, मधे लोखंडी झोपाळा. मनात आलं, आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, पोर येईल तेव्हा आपल्याच दारात तिला हे दिसलं पाहिजे. आमच्या खानदेशात लेक दिवाळीला नाही आली तर चालतं, पण आखाजीला आलीच पाहिजे, झाडाला दोर बांधून झोके घ्यायचे, गाणी म्हणायची, सांजोऱ्या खायच्या.

मी चुन्याची फक्की घेऊन अंगणात रेघा मारल्या, इथे लॉन, इथे मोगरा, इथे जास्वंद, इथून फरशीची वाट. आणि फाल्गुनातला निंब कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे, वर नुसत्या काड्या, खाली पानांचा ढीग, सकाळी झाडलं की दुपारी पुन्हा तेच. नर्सरीवाला म्हणाला, मावशी, झाडाखाली लॉन धरत नाही. झालं. मी सुमनला म्हटलं, मधे भिंत घालू, निंबाकडचा लहान तुकडा तू घे, बोअरकडचा मोठा मी घेते. मला वाटलं भांडेल, मी तयारीत होते. ती भांडलीच नाही! पदर खोचून म्हणाली, बरं अक्का. माझ्या दुकानात गिऱ्हाईक असं चटकन हो म्हणालं तर मी लगेच वजनकाटा बघते, पण घरात कोण बघतं?

नर्सरीवाल्याची रोपं पडून होती, मी सगळी अर्ध्या भावात उचलली. तो म्हणालाही, मावशी, उन्हाळा तोंडावर आहे, पाऊस पडल्यावर लावा. मी म्हटलं, तुला विकायची नाहीत का?

चैत्र सरला तोवर मोगरा गेला, जास्वंद गेली, लॉनची चटई झाली पिवळी. सुरतेसारखा लोखंडी झोपाळा आणला होता, त्याची कांब अशी तापायची की वर पापड भाजावा. आणि भिंतीपलीकडे निंब पोपटी झाला, मग मोहोरला, मग इतका दाट की खाली ऊन उतरेना. मी रोज बघायचे आणि रोज तोंड फिरवायचे.

आखाजीला वर्षा आली. मी म्हटलं, मागे चल, बाग बघ. आई, छान आहे, म्हणाली, झोपाळ्यावर टेकली आणि ओरडत उठली. तेवढ्यात पलीकडून गाणं आलं. गल्लीतल्या बठ्ठ्या लेकी सुमनच्या दारात. गेलीच ती. सांजोऱ्या माझ्या ताटात आणि पोर तिच्या झोक्यावर. मी स्टुलावर चढून भिंतीवरून बघितलं, हो, बघितलं, लपवू कशाला, सुमन मागून झोका देत होती, माझ्या पोरीला, आणि पोर म्हणते कशी, काकू, काय गार शे वं इथे, बरं झालं तू झाड राखलंस.

राखलंस!

सुमनने मला बघितलं, म्हणाली, अक्का, या ना इकडे. मी स्टुलावरून उतरले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, भिंतीत एक दार काढू. मी म्हटलं, मी लावलेल्या झाडाखाली मी तुझ्या परवानगीने येऊ? तेव्हापासून बोलणं बंद.

आता पुन्हा फाल्गुन लागला. या वेळी निंबाचं रोप आणलंय, गुडघ्याएवढं. त्याला दोर बांधायला पंधरा वर्षं तरी लागतील आणि मी साठीला आले. काल वर्षाचा फोन आला, आई, आखाजीला येते, काकूला सांग, दोर जाड आण म्हणावं.

निरोप मी दिला नाही. हे लिहिलेलं तिला वाचून दाखवा. सुमन, मी अंगणात रेघा मारत होते तेव्हा तुला आखाजी दिसत होती की नाही? दिसत होती, तर एक शब्द का बोलली नाहीस? माझी पोर तुझ्या दारात झुलते, याचं उत्तर मला पाहिजे. नवऱ्याला पुढे करू नकोस, पोरीला मधे घेऊ नकोस. स्वतः ये आणि माझ्या तोंडावर सांग.