इलेक्ट्रॉन खरंच फिरतो का?

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, सहकारी, विद्यार्थी मित्रहो, आणि ज्यांच्या निवृत्तीसाठी हे सभागृह भरलंय त्या आमच्या मॅडम,

मॅडमच्या पदव्या प्राचार्यांनी सांगितल्याच. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारा. मला वेगळंच सांगायचंय.

अणूतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला चार क्वांटम अंक असतात. पहिल्या तीन अंकांवरून तो कुठे, कसा वावरतो ते कळतं, चौथा स्पिनचा. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तो खरंच फिरतो का?"

"नाही."

"मग फिरणं का म्हणायचं?"

घंटा झाली. मॅडम म्हणाल्या, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला येताना ती अपघातात गेली.

काही दिवसांनी तिचे वडील आले. बस चालवायचे. म्हणाले, "जेवताना सांगत होती, उद्या उत्तर मिळणार. ते मला सांगाल?"

मॅडमनी रिकामा वर्ग उघडला. काका तिच्याच बाकावर बसले, एका कडेला. मॅडम म्हणाल्या, "तो भोवऱ्यासारखा फिरत नाही. पण विद्युतभार असलेली वस्तू फिरली की चुंबकासारखी वागते, तसा हा न फिरताच वागतो. म्हणून ते नाव. दिशा दोनच, वर किंवा खाली. एका घरात दोघं असले, तर एकाची वर, दुसऱ्याची खाली."

"नाही कळलं. परत येऊ?"

वर्षानुवर्षं, सुट्टी मिळेल तेव्हा, ते येत राहिले. एकदा मी दारात उभा होतो. मॅडम बोलता बोलता थांबल्या. दोघंही बाकाच्या रिकाम्या बाजूकडे बघत होते, कुणीतरी काही विचारतंय आणि ते ऐकून घ्यायचंय, असे. तिथं कुणी नव्हतं. मग मीही श्वास का रोखला?

काकांच्या परवानगीनं सांगतो. मागच्या आठवड्यात मी विचारलं, "इतकं अवघड आहे का हो?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पण कळलं म्हटलं, की तिचा प्रश्न संपला."

मॅडम, काल तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही खिडक्या लावत होतात. म्हणालात, "मला माहीत होतं रे. मलाही संपवायचा नव्हता."

उद्यापासून तो वर्ग माझ्याकडे आहे. काका, येत जा. माझं शिकवणं तुम्हाला खरोखरच कळणार नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी अधिकउणं बोललो असेन, तर पोटात घाला.