डाळ न शिजणारं पाणी

लढाई संपून महिना झाला होता. केडगावच्या थांब्यावर माझ्यापुढं एक म्हातारं जोडपं भिंगारच्या एसटीची वाट बघत होतं. म्हाताऱ्याच्या हातात पाण्याचा डबा होता.

“ज्या पान्यात डाळ शिजत न्हाई, ते लेकीच्या घरी नेताय?”

“तिला न्हाई. जावयानं काचंच्या पेटीत मासं, गोगलगाई पाळल्यात ना, त्यांच्यासाठी. नळाच्या पान्यानं गोगलगाईंचं शंख झिजाया लागलेत.”

“मग पानाचा चुना टाकावा चिमूटभर.”

“टाकला की तिनं! मासं वर येऊन तोंड वासाया लागलं. पोर रडत रडत पानी बदलत बसली.”

“अगं बाई!”

“आपल्या हिरीतल्या गोगलगाई बघ, शंख कसं दगडावानी. ह्या पान्यात चुना मुरल्याला हाय. थोडं थोडं घालायचं.”

“गोगलगाईपायी केवढा हा कुटाणा!”

“जावई गोरक्ष लढाईवर जाताना तिला म्हनला हुता, मी येईपतुर ह्यांना सांभाळ.”

“लढाई सरून म्हैना झाला की.”

“त्याची खबर न्हाई. पोर त्या पेटीम्होरंच बसून असती.”

“तो डबा हिकडं द्या.”

“जड हाय.”

“आसू द्या, मी धरते. आन पुढच्या खेपंला कळशीच घेऊ.”